झाकणाची शेगडी

तुळशीराममामा, या जगात मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे ते तुम्ही. हे वाक्य तुमच्यासमोर उभं राहून म्हटलं असतं, तर हातातला चिमटा शेगडीवर आपटून तुम्ही म्हणाला असता, "भाषन देऊन राह्यला का बे?" म्हणून तुम्ही होता तोवर म्हटलं नाही. आता तेरवी होऊन चार दिवस झालेत. मी अमरावतीला परत आलो आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुतो आहे, आणि मनात तुमच्याशी तोच वाद चालू आहे : ती झाकणाची महागडी शेगडी घेण्यासारखी होती की नव्हती.

तेरवीला आलेल्यांनी तुमचं वय विचारलं, काय झालं होतं ते विचारलं, मागे कोण कोण आहे ते विचारलं. ते सगळं सांगून झालं. शेगडीचं कोणी विचारलं नाही. आपल्या दोघांत न मिटलेलं तेवढंच राहिलं, त्यामुळे मला तेच बोलायचं आहे.

अकोल्यात जठारपेठेच्या त्या कोपऱ्यावर, कडुनिंबाखाली, तुम्ही वांगी भाजून द्यायचात. विकायचा नाहीत, नुसती भाजून द्यायचात. थंडी पडली की भोवतालच्या फ्लॅटांतल्या बाया भरताची मोठी वांगी पिशवीत घालून यायच्या. घरात गॅस, आणि गॅसवरच्या भरताला कोळशाची चव नाही, एवढ्यावर तुमचं दुकान चालायचं. दुकान तरी कसलं! तेलाचं आडवं कापलेलं अर्धं पिंप, त्याला खाली भोकं, वर जुन्या खिडकीचे गज. आतून दोन बोटं जाडीचं मातीचं लिंपण. ही माती आमच्या गावची, भातकुलीजवळची. शेतातली काळी नव्हे, ती तापली की भेगाळते. गावठाणातली पांढरी. दरवर्षी दसरा झाला की माझी आई एक पोतं भरून एसटीनं पाठवायची, आणि तुम्ही त्यात भुसा आणि शेण कालवून पिंपाला नवं लिंपण द्यायचात.

मी अकरावीला अकोल्यात तुमच्याकडे आलो तेव्हा मला वाटलं होतं, मामांचं हॉटेल आहे. आईनं तसंच सांगितलं होतं. पहिल्या संध्याकाळी ते पिंप पाहून माझा चेहरा पडला असणार, कारण तुम्ही म्हणालात, "हाटेलच हाय हे. फक्त गिऱ्हाईक आपलं सामान आपन आनते." मग मला बाजूला बसवून तुम्ही पहिला धडा दिला. वांगं झालं की नाही हे टोचून पाहायचं नाही, ऐकायचं. आतलं पाणी उकळतं, देठापाशी वाट काढतं आणि बारीक शिटी वाजते. शिटी थांबली की वांगं उतरवायचं. पुढे बारावीत वाफेचा दाब शिकलो तेव्हा मी घाईघाईनं येऊन तुम्हाला ते समजावलं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हंजे मी वीस वर्सं जे आयकून राह्यलो, त्याचं पुस्तक निघालं म्हन."

तुमच्या घरात दोन खोल्या होत्या. त्यातली खिडकीची तुम्ही मला दिलीत आणि तुम्ही आणि कांतामामी स्वयंपाकाच्या खोलीत झोपू लागलात. पाच वर्षं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं दार पाहिलं नव्हतं. अर्ज कसा भरतात, कुठे सही करतात, शिष्यवृत्तीला कोणता दाखला लागतो, यातलं तुम्हालाही काही माहीत नव्हतं. पण तुम्ही माझ्यासोबत प्रत्येक खिडकीसमोर उभे राहिलात. कारकून हिडीसफिडीस करायला लागला की तुम्ही अगदी नम्रपणे विचारायचात, "साहेब, तुमचं घर जठारपेठीकडं हाय का?" असलं तर त्याच्या बायकोचं वांगं तुम्ही भाजलेलं असायचंच. मग काम व्हायचं.

बी.एस्सी.चा निकाल लागला त्या संध्याकाळी तुम्ही पेढे आणले नाहीत. शेगडीशी उभे राहून जाहीर केलंत, "आज भाजनावळ घेनार नाई कोनाची!" तेव्हा वानखडेकाकू रांगेतून ओरडल्या होत्या, "भाऊ, ह्या पोट्ट्याले दर आठ दिवसाले पास करत जा ना!" तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. त्या खोकल्याकडे त्या दिवशी कोणी लक्ष दिलं नाही. मीही नाही.

लक्ष गेलं ते या दिवाळीत. मी आलो तर तुम्ही खिडकीच्या खोलीत उशाला तीन उशा लावून बसला होता. मामीनं मला बाजूला नेऊन सांगितलं, "डाक्टरनं सांगतलं, धुरापासून दूर राहा. हे त्यायलेच विचारते, मंग वांगे काय फुंकर मारून भाजू?" मामी हे सांगताना हसली नाही.

अमरावतीला परतल्यावर आठवड्याभरानं मी एका मोठ्या दुकानात ती शेगडी पाहिली. तिला तिथे ग्रिल म्हणतात. गोल, काळी, तीन पायांवर उभी. आतून-बाहेरून चकचकीत मुलामा दिलेला जाड पत्रा, वर घुमटासारखं झाकण, झाकणात उष्णतेचा काटा, खाली राखेची बंद थाळी, आणि हवा कमीजास्त करायला वर-खाली सरकत्या झडपा. विकणारा मुलगा सांगत होता की झाकण लावलं की धूर वरच्या झडपेतून सरळ निघून जातो. पुढचं मी ऐकलंच नाही. किंमत मात्र वाचली. माझा जवळजवळ महिन्याचा पगार.

मी तुम्हाला फोन केला. खोकल्याचं एक अक्षर काढलं नाही. तुम्हाला कोणी तुमच्या तब्येतीसाठी काही देऊ केलेलं खपत नसे, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी कोळशाचं बोललो. कोळसा कमी लागतो, आच सारखी लागते, पत्रा वर्षानुवर्षं टिकतो. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत.

"झाकन कायले?"

"आच आत राहते, मामा."

"अन् वांगं दिसत नाई."

"दिसायची गरज काय?"

"तुले नाई बापू. बायायले हाय."

मला तुमचं म्हणणं तेव्हा कळलं नाही, आणि मी वाद घालत राहिलो. तो महिनाभर आपण दर दोन दिवसांनी त्या शेगडीवर बोललो. तुम्ही एकेक प्रश्न काढायचात. जाळी किती वर्षांनी जळते, जळली तर अकोल्यात मिळते का, मुलामा उडाला तर खालचा पत्रा गंजतो का, पाऊस लागला तर काय. मी दुकानात जाऊन विचारून यायचो. त्या मुलाला वाटत असणार, हा माणूस घेत तर काही नाही. शेवटी तुम्ही म्हणालात, "तू शिकेल हायस. प्रयोगशाळेत नोकरीले हायस. असं तोंडानं काहून सांगून राह्यला? दोनी शेगड्या बाजूबाजूनं पेटव, माप, अन् मले लेखी दे. खाली सही कर. मंग मी ठरवतो."

आमच्या कॉलेजातल्या एका सरांकडे तशीच शेगडी होती. मुलाच्या वाढदिवसाला आणलेली, नंतर गच्चीवर ताडपत्रीखाली पडलेली. मी ती दोन दिवसांसाठी मागून घेतली आणि एका ओळखीच्याच्या गाडीत घालून शनिवारी दुपारी अकोल्याला आणली. येताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हाही दोनदा उठून ती नीट बांधलेली आहे ना ते पाहिलं. लोकांची वस्तू होती.

ती अंगणात उतरवून मी कोळसा आणायला गेलो. तासाभरानं परत आलो, तर तुम्ही पाटावर बसला होता, हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले, आणि शेगडी आतून अर्धी लिंपून झाली होती. चकचकीत काळ्या मुलाम्यावर आमच्या गावची पांढरी माती. तुम्ही बोटांनी ती दाबत, पाण्याचा हात फिरवत, काठापर्यंत आणत होता. तुमच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला आजही ते डोळ्यांसमोरून हलवता येत नाही.

आणि मी ओरडलो. "मामा, हे काय करून ठेवलं? लोकाची वस्तू आहे ती! तुमाले काही समजते का?"

तुम्ही हात थांबवलात. रागावला नाहीत. एवढंच म्हणालात, "नागव्या लोखंडात इस्तो घालत नाईत, बापू. नवी शेगडी लिपूनच पेटोतेत." मग उठलात, नळाखाली हात धुतलेत आणि आत गेलात. मी ती माती ओली असतानाच धुऊन काढली. मुलाम्याला काही झालं नव्हतं. मामी दारात उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "सकायपासून माती चाळून राह्यले होते तुह्या शेगडीसाठी."

त्या संध्याकाळी जेवताना तुम्ही मला दोनदा भाकरी वाढलीत. मी मान वर केली नाही. माफी मागायची तशीच राहिली. तुमच्या घरातल्या पाच वर्षांत मी तुमच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, आणि चढवला तो कशावर, तर चिखलावर.

रविवारी सकाळी आपण प्रयोग केला. कोळसा वाण्याच्या तराजूवर सारखा मोजून दोन्हींत घातला. मी प्रयोगशाळेतून तापमापी आणली होती, लांब तारेची. तुम्ही दोन्ही शेगड्यांच्या मधे बसलात. बाया आल्या. नेहमीप्रमाणे प्रत्येकीच्या वांग्यावर तिची खूण : वानखडेकाकूंची लवंग देठाशी खोचलेली, कोणाचं देठ अर्धं कापलेलं, कोणाच्या देठाला दोरा. देठं बाहेर करून तुम्ही वांगी मांडायचात, तशी दोन्हीकडे मांडलीत. मग मी झाकण लावलं.

वानखडेकाकू पुढे आल्या. "ओ भाऊ, माह्यं वांगं कुठी गेलं?"

"आत हाय."

"कोन्त्या अंगाले?"

"झाकन काढलं की दिसन."

"काढा मंग."

"काढलं की आच जाते. हा आमचा भाचा सांगते."

"भाचा सांगते ते खरं, पन माह्या वांग्याच्या जागी दुसऱ्याचं किडकं आलं तं? मी काय भाच्याचं भरीत करू?"

सगळ्या हसल्या. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फोनवर जे तुम्ही म्हणाला होता ते मला तेव्हा कळलं. त्या बाया तिथे भाजून घ्यायला येत होत्या ते खरं, पण आपलं वांगं डोळ्यांसमोर ठेवून उभ्या राहायला येत होत्या. एकमेकींच्या सुना, मुली, दुखणी, बदल्या, सगळं त्या अर्ध्या तासात बोलून व्हायचं. झाकणाकडे पाहत कोण उभं राहील?

तरी मी मापत राहिलो. नव्या शेगडीत आच खरंच सारखी होती. झडपा अर्ध्या लावल्या की कोळसा पुष्कळ पुरला, आणि शेवटी झाकण बंद केलं तर उरलेला विझून दुसऱ्या दिवसाला राहिला. वांगी आतपर्यंत लोण्यासारखी शिजली. पण साल पिंपावरच्यासारखी करपून सुटली नाही, आणि एका वेळी सात मावली; पिंपावर वीस मावत. दुसरी गोष्ट मला आश्चर्याची वाटली. तुमच्या पिंपाची उष्णता मी समजत होतो त्याच्या दुप्पट वेळ टिकली. मातीनं ती धरून ठेवली होती. जाड पत्र्यासाठी दुकान जेवढे पैसे मागत होतं, तेच काम पोतंभर पांढरी माती करत होती. आदल्या दिवशी मी ज्या लिंपणावर ओरडलो, त्याचं मोल माझ्याच तापमापीनं मला दाखवलं.

आणखी एक गोष्ट मला दिसली. ती मी वहीत लिहिली नाही.

संध्याकाळी निघताना तुम्ही म्हणालात, "लेखी दे हं. फोनवर नाई चालनार. पोष्टानं धाड."

अमरावतीला आल्यावर मी ते पत्र दोनदा लिहिलं. यातलं पहिलं तुम्हाला कधीच कळलं नाही, ते आज सांगतो. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. शेगडी घ्यावी, किंमत वसूल होते, असं. मला माहीत होतं की खाली माझी सही असली की तुम्ही मानाल. तुम्ही ती घेऊ दिली असती, झाकणामागे बसला असता, धुरातून सुटला असता. मी ते पाकिटातसुद्धा घातलं. मग तुम्ही आठवलात, वांगं आतून किडकं निघालं की भाजणावळ परत करणारे. बाई म्हणायची, वांगं माझं, तुमचा काय दोष? तरी तुम्ही पैसे तिच्या पिशवीत टाकायचात, म्हणायचात, "भाजून पायलं तवाच समजलं ना. समजलं ते सांगा लागते." मी पाकीट फोडलं आणि खरं लिहिलं.

चार दिवसांनी तुमचा फोन आला. "पत्र पोचलं. अक्षर सुदरलं तुहं."

"मग काय ठरवलं, मामा?"

मागे कोणीतरी वांग्यांचा भाव सांगत होतं. "संक्रांत होऊ दे. मंग बोलू."

संक्रांतीला सहा दिवस होते तेव्हा तुम्ही गेलात. दुपारी, कोळसा भरायच्या आधी, कडुनिंबाच्या पारावर बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, धुरामुळे का? ते म्हणाले, तसं सांगता येणार नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

मामा, मी खोटं लिहिलं असतं तर? हा प्रश्न घेऊन मी रोज उठतो. कदाचित काहीच बदललं नसतं. कदाचित एक हिवाळा आणखी मिळाला असता. खरं लिहायला तुम्ही मला शिकवलं, आणि ते पहिल्यांदा मला महागात पडलं ते तुमच्याच बाबतीत. कधी मला तुमचा राग येतो. तुम्ही मला लबाड होऊ दिलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटतं. मग मी प्रयोगशाळेत मुलांच्या वह्या तपासतो. एखाद्यानं उत्तर जुळावं म्हणून आकडा बदललेला असतो. त्याला पुन्हा माप म्हणून सांगताना माझ्या तोंडून तुमचाच आवाज निघतो, आणि राग राहत नाही.

तेरवीच्या दिवशी, सगळे जेवून गेल्यावर मामीनं मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही, की माझं पत्र आलं त्या संध्याकाळी तुम्ही ते शेगडीपाशी उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवलंत. "आमच्या भाच्याचा अहवाल," म्हणालात. वानखडेकाकूंनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ज्या बाया आल्या नव्हत्या त्यांना परत वाचून दाखवलंत. पण शेवटचा भाग तुम्ही कोणालाच वाचून दाखवला नाही. कोणी विचारलं तर कागद घडी करून खिशात घालायचात आणि म्हणायचात, "खालचं घरचं हाय."

दुसरी गोष्ट सांगताना मामी रडली. जायच्या दोन दिवस आधी तुम्ही पाराच्या अलीकडची, पिंपाशेजारची रिकामी जागा विती लावून मोजत होता. "मी म्हनलं, काहून मोजून राह्यले? तं म्हने, असंच. पाहून ठेवतो." तिला कळलं नाही तुम्ही काय मोजत होता. मला कळलं असं मला वाटतं. पण तुम्ही मला सांगितलं नाहीत, आणि खात्री नसलेलं लिहायचं नाही हेही तुमचंच.

घरचा तो भाग आता मामीनं वाचला आहे. म्हणून ते पत्र इथे पूर्ण देतो.

अमरावती,
रविवार

ती. तुळशीराममामा यांस,

तुम्ही सांगितलं तसं दोन्ही शेगड्यांचं मापून लिहितो आहे.

नवी शेगडी चांगल्या कामाची आहे. पत्रा जाड आहे, झडपांनी आच हातात राहते, कोळसा निम्म्याहून थोडा अधिक लागतो आणि उरलेला वाया जात नाही. ज्याला घरच्या चार माणसांसाठी, सुटीच्या दिवशी, सावकाश काही भाजायचं आहे आणि ज्याच्याकडे पैसे आहेत, त्याला ती किंमत फार वाटू नये.

तुमच्या कामाला मात्र ती त्या किमतीची नाही. तिच्यात सात वांगी मावतात, पिंपावर वीस. झाकण लावल्यावर गिऱ्हाइकाला आपलं वांगं दिसत नाही, आणि तुमच्याकडे लोक विश्वासावर येतात. साल पिंपावर जास्त चांगली सुटते. जाळी जळली तर अकोल्यात मिळणार नाही. उष्णता धरून ठेवायचं जे काम तिचा जाड पत्रा करतो, ते तुमचं मातीचं लिंपण जवळजवळ तितकंच करतं. हे मी मापून सांगतो आहे. म्हणून माझं मत : भाजणावळीच्या कामासाठी ही शेगडी घेऊ नये.

इथपर्यंत तुम्ही मागितलेलं झालं.

मामा, त्या दिवशी मी एक गोष्ट पाहिली आणि वहीत लिहिली नाही. झाकण लावलेलं होतं तेवढा वेळ तुम्ही एकदाही खोकला नाहीत. पिंपाकडे वळलात की खोकलात. मी कोळशाचं बोलत राहिलो, पण मला शेगडी हवी होती ती यासाठी. कामाला ती महाग आहे, हे खरंच आहे. तुमच्या छातीसाठी घ्यायची असेल तर मला ती महाग नाही. बायांसाठी पिंप राहू द्या आणि त्याच्याशी दुसऱ्या कोणाला बसवा, तुम्ही झाकणाच्या शेगडीशी बसा. तुम्ही फक्त हो म्हणा. मी घेऊन येतो.

लिंपणावरून मी तुमच्यावर ओरडलो. माझं चुकलं. तुम्ही सकाळपासून माती चाळत होता हे मला नंतर कळलं. नसतं कळलं तरी चुकलंच होतं. समोर बसून बोलायला जमलं नाही, म्हणून लिहितो आहे.

आणखी एक. आपल्याकडे भाच्यानं मामाच्या पाया पडायचं नसतं, मामाच भाच्याच्या पडतो. मला पदवी मिळाली त्या दिवशी अमरावतीला एवढ्या माणसांत तुम्ही माझ्यापुढे वाकलात, आणि मी लाजून मागे सरकलो. मी कितीदा वाकायला गेलो, तुम्ही दर वेळी माझे हात वरच्यावर धरलेत. पत्रातून तुम्हाला माझे हात धरता येणार नाहीत. म्हणून आज इथे तुमच्या पायांवर डोकं ठेवतो.

तुमचा भाचा,
सुनील